गाठी बांधणारा पयानघाट आणि राखीव झालेला मेळघाट (लेखांक चौथा)

मुंबईच्या गिरण्यांची उभारणी मागील लेखांकात पाहिल्यावर, त्यांना कापूस पुरवणाऱ्या वऱ्हाडाच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न उरतो. परंपरेने वऱ्हाडाचे तीन भाग मानले जातात : पूर्णेच्या काळ्या जमिनीचा पयानघाट, अजिंठ्याच्या रांगांवरील बालाघाट आणि सातपुड्यातील मेळघाट.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, वऱ्हाडी कापसाची मागणी वाढली, आणि मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेरा ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. या मार्गालगत जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचे, आणि प्रेसिंग, म्हणजे रुई दाबून गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. कापसाच्या वजनात रुई जेमतेम एक तृतीयांश असते, त्यामुळे सरकीचे ओझे दूर वाहून नेण्यापेक्षा ती शेताजवळच काढणे परवडे. सूत कातताना मात्र वजन फारसे घटत नाही, म्हणून सूतगिरणी भांडवल, यंत्रे आणि बंदर जिथे एकवटले होते त्या मुंबईत वाढली. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात सुरू केलेली एम्प्रेस मिल हा महत्त्वाचा अपवाद होय. तिला कापूस आणि वरोऱ्याचा कोळसा दोन्ही जवळ होते. एरवी वऱ्हाडाचे औद्योगिकीकरण गाठीपाशीच थांबले.

मेळघाटाला गाठीचाही आधार मिळाला नाही. लोहमार्गांच्या विस्ताराने देशभर लाकडाची मागणी वाढली, वन हे सरकारी उत्पन्नाचे साधन ठरले, आणि १८६६ मध्ये बैरागड व गुगामळ येथील जंगले राखीव झाली. राखीव वन म्हणजे जिथे तोड, चराई आणि शेती सरकारी परवानगीवाचून करता येत नाही असे वन. मेळघाटातील सेमाडोह हे गाव ज्या सिपना नदीकाठी वसले आहे, तिच्या नावाचा कोरकू भाषेतील अर्थच साग. पण ज्यांच्या भाषेने नदीला हे नाव दिले त्या कोरकू आदिवासींचा सागावरील हक्क मात्र संपला. जंगल जाळून केली जाणारी त्यांची फिरती शेती आवळली गेली, आणि वनखात्याला लागणारे मजूर हाताशी राहावेत म्हणून वसवलेल्या वनग्रामांत ते तोडीचे मजूर झाले. ज्या काळाने पयानघाटातील शेतकऱ्याला, सावकाराच्या जाचासह का होईना, बाजारपेठ दिली, त्याच काळाने डोंगरातील माणसाकडून त्याची उपजीविका काढून घेतली, आणि हा अन्याय कापूसपट्ट्याच्या तक्रारींत फारसा उमटला नाही.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये ‘अनुशेष’, म्हणजे राज्याच्या सरासरीपर्यंत पोहोचण्यास लागणाऱ्या विकासाची तूट, मुख्यतः जिल्हानिहाय मांडला. वऱ्हाड ज्यात मोडते त्या विदर्भाच्या न्याय्य वाट्याच्या मागणीला त्यातून भक्कम आधार मिळाला, हे खरे. परंतु अमरावती जिल्ह्याच्या आकड्यात अमरावती शहर आणि सेमाडोह एकत्र बसतात, आणि जिल्ह्याच्या आतली दरी त्या सरासरीखाली दबून जाते. ती दरी दिवाळीनंतर मेळघाटातील गावांत दिसते, जेव्हा कोरकू कुटुंबे मुलाबाळांसह घाट उतरून परतवाड्याकडे, पयानघाटातील शेतांवर आणि वीटभट्ट्यांवर मजुरीला जातात.