आवराआवरीची सवड

लिनक्सवर चालू असलेला प्रोग्रॅम थांबवायचा असेल, तर आधी त्याला सांगून बघण्याची रीत आहे. त्या निरोपाचं नाव सिगटर्म, सिग्नल क्रमांक १५. तो मिळाला की प्रोग्रॅम हातातलं काम पुरं करू शकतो, फाइल्स बंद करू शकतो, डेटाबेसची जोडणी सोडू शकतो. त्यानं भागलं नाही, तर क्रमांक ९ चा सिगकिल. हा प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही. कर्नल परस्पर त्याला संपवतो. मधली सवड, प्रोग्रॅम कंटेनरमध्ये बंदिस्त करून चालवणाऱ्या डॉकरमध्ये १० सेकंदांची, तर असे अनेक कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसमध्ये ३० सेकंदांची असते. ती वाढवताही येते.

ही सवड अनेकदा फुकट जाते, आणि तेही अगदी क्षुल्लक कारणानं. डॉकर स्टॉप ही कमांड दिली, की कंटेनर दहा सेकंद ढिम्म हलत नाही आणि मग १३७ हा कोड मागे ठेवून बंद पडतो. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, म्हणजे त्याला मारावं लागलं. बऱ्याचदा घोळ एवढाच असतो की कंटेनरमधली पहिली प्रक्रिया शेल असते. सिगटर्म शेलला मिळतो, शेल तो पुढे पाठवत नाही, आणि आतल्या खऱ्या प्रोग्रॅमला पत्ताच लागत नाही. आवराआवरीचा कोड कितीही चोख लिहिलेला असो, तो चालतच नाही.

मग त्या कोडवर भिस्त ठेवावी किती?

पोस्टग्रेस या डेटाबेसनं याचं उत्तर फार समंजसपणे दिलं आहे. सिगटर्म आला, तर तो नव्या जोडण्या नाकारतो आणि जुने ग्राहक आपणहून जाईपर्यंत थांबतो. सिगइंट हा दुसरा सिग्नल आला, तर अर्धवट व्यवहार मागे घेऊन सगळ्यांना लगेच बाहेर काढतो. आणि वीजच गेली तर? तरीही नोंदवलेले व्यवहार टिकतात, कारण प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहिलेला असतो. पुन्हा सुरू होताना तो लॉग वाचून पोस्टग्रेस सावरतो.

स्टॅनफर्डच्या जॉर्ज कँडिया आणि अर्मांडो फॉक्स यांनी २००३ मध्ये याच्याही पुढचा विचार मांडला. प्रोग्रॅमला अचानक कोसळण्यातून सावरता यायलाच हवं, तर थांबण्याचा वेगळा, सभ्य मार्ग ठेवायचाच कशाला? युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण त्यात पलीकडे उत्तराची वाट पाहणाऱ्या माणसाची सोय राहत नाही. डेटाची सुरक्षितता आवराआवरीवर अवलंबून नसावी हे खरंच. त्या माणसाची अर्धी राहिलेली विनंती मात्र आवराआवरीवरच अवलंबून असते. कुबरनेटीसमध्ये तर सिगटर्म देणं आणि वाहतुकीच्या यादीतून त्या प्रोग्रॅमचं नाव काढणं ही कामं एकाच वेळी सुरू होतात, त्यामुळे निरोप मिळाल्यावरही काही क्षण नव्या विनंत्या येत राहतात. दार लगेच लावणारी सेवा नेमक्या त्याच विनंत्या गमावते.