घाटाखालचा मे महिना आणि ग्राफिक्स कार्ड: नवीन घ्यायच्या आधी हे वाचा

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज एका फोनपासून सुरुवात करतो.

माझा मावसभाऊ नांदुऱ्याला असतो, बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला. मे महिन्यात भर दुपारी त्याचा फोन आला. "दादा, माह्यं कार्ड गेलं वाटते. गेम लावला की अर्ध्या घंट्यात अडकते. बाबा म्हणतात कापसाचे पैसे आले, नवीन घेऊन टाक. कोनतं घेऊ?"

त्याच्याकडे आरटीएक्स ३०६० आहे, सेकंड हँड घेतलेलं. नवीनसाठी बजेट तीस हजार. कापसाचे तीस हजार म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. म्हणून मी त्याला मॉडेल सांगायच्या आधी एकच काम दिलं: उद्या पहाटे पाच वाजता तोच गेम तासभर खेळ आणि कार्डाचं तापमान लिहून ठेव. दुपारी परत तेच कर.

पहाटे खोली २८ अंश, कार्ड ७४, गेम एकदम मस्त. दुपारी खोली ४० अंश, कार्ड ८६, गेम अडकतोय. आता या चार आकड्यांत सगळं उत्तर आहे बघा.

कार्ड किती तापेल, हे खोली ठरवते

७४ मधून २८ वजा करा: ४६. ८६ मधून ४० वजा करा: तेही ४६. कार्डाचा पंखा आणि हीटसिंक काय करतात? चिपची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतात. हवाच ४० अंशांची असेल तर चिप त्याच्या खाली जाऊच शकत नाही. ती खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी वर राहते. तो फरक कार्ड किती वॅट खातं आणि कूलर किती चांगला आहे, यावर ठरतो.

आपण यूट्यूबवर रिव्ह्यू बघतो, तिथे टेस्ट साधारण २०-२५ अंशांच्या एसी खोलीत होते. तिथे '६८ अंश' दिसलं की आपण खूश होतो. पण त्यात घाटाखालचे १५ अंश मिळवा, झाले ८३. आणि बहुतेक एनव्हिडिया कार्डं ८३-८४ च्या आसपास पोचली की स्वतःला वाचवायला स्पीड कमी करू लागतात. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. कार्ड बिघडलेलं नसतं, ते फक्त हळू चालतं.

घाटावरच्या मंडळींना थोडी सूट आहे. बुलढाणा शहर सुमारे ६५० मीटर उंचीवर, शेगाव-नांदुरा त्याच्या निम्म्याहूनही खाली. तेवढ्या उंचीने हवेत साधारण दोन-अडीच अंशांचा फरक पडतो. घाटाखाली मात्र मे महिन्यात पत्र्याची खोली असेल तर विचारूच नका.

अजून एक गोष्ट. गेम खेळताना ३०० वॅट खाणारा पीसी ती सगळी उष्णता खोलीतच टाकतो. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत तुमच्यासोबत अजून तीन माणसं बसलीयत, दार लावून.

नंबर मोठा म्हणजे कार्ड गरम?

असं सरळ नाही. एनव्हिडियाच्या '६०' वाल्या, म्हणजे मध्यमवर्गीय कार्डांचे वॅट बघा:

- जीटीएक्स १०६० (२०१६): १२० वॅट
- आरटीएक्स २०६० (२०१९): १६० वॅट
- आरटीएक्स ३०६० (२०२१): १७० वॅट
- आरटीएक्स ४०६० (२०२३): ११५ वॅट
- आरटीएक्स ५०६० (२०२५): १४५ वॅट

मध्येच ११५ वर का आलं? दोन कारणं. एक, ३०६० ची चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर तंत्रावर होती, ४०६० ची तैवानच्या टीएसएमसीच्या बऱ्याच पुढच्या तंत्रावर. ट्रान्झिस्टर लहान झाले की तेवढ्याच कामाला वीज कमी लागते. दुसरं कारण जाहिरातीत सांगत नाहीत: चिपच लहान दिली. ३०६० ला १२ जीबी मेमरी आणि १९२ बिटची बस होती, ४०६० ला ८ जीबी आणि १२८ बिट. म्हणजे थंड झालं, पण मेमरी घटली. माझा भाऊ ब्लेंडर शिकतोय. मोठा सीन ८ जीबीत मावला नाही की नवीन कार्डसुद्धा हात टेकतं.

वरच्या टोकाला वेगळीच जत्रा आहे. आरटीएक्स ४०९० चं ४५० वॅट, ५०९० चं ५७५. आपल्या गावातल्या व्होल्टेजवर आणि साध्या यूपीएसवर त्याचा विचारही नको.

पैशांचा हिशेब

१०६० अमेरिकेत २४९ डॉलरला आलं, ५०६० आलं २९९ ला. डॉलरमध्ये वाढ २० टक्के. पण २०१६ मध्ये डॉलर ६७ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे साधारण १६,७०० रुपये. २९९ ला २०२५ मधल्या ८५ च्या भावाने गुणा: २५,४००. रुपयांत वाढ ५० टक्क्यांच्या वर! त्यावर १८ टक्के जीएसटी लावला की तीस हजार. अमेरिकेतल्या किमतीत टॅक्स धरलेला नसतो, म्हणून तिकडचा भाव बघून दुकानदाराशी भांडू नका.

स्पर्धा असली की फायदा होतो, हे खरं आहे. २०१६ मध्ये एएमडीचं आरएक्स ४८० दोनशे डॉलरपासून मिळत होतं, म्हणून १०६० ला भाव हातात ठेवावा लागला. मग २०२०-२१ मध्ये चिपचा तुटवडा आणि क्रिप्टो मायनिंग एकत्र आलं आणि छापील किमतीला अर्थच उरला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली, तेव्हा ही वापरलेली कार्डं ढिगाने सेकंड हँड बाजारात आली.

आज याच गटात तिघं आहेत. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबी, २०२५ मध्ये आलं तेव्हा ३४९ डॉलर, १६० वॅट. इंटेलचं आर्क बी५८०, १२ जीबी, आलं तेव्हा २४९ डॉलर, पण १९० वॅट. इंटेलच्या कार्डाला मदरबोर्डवर रिसायझेबल बार लागतो. जुना असेंबल पीसी असेल तर हे आधी तपासा, नाहीतर स्वस्तात घेतलेलं कार्ड लंगडत चालेल. आणि २०२५ च्या शेवटापासून मेमरी चिप महागल्यात, त्यामुळे घ्यायच्या दिवशीचा भाव दोन-तीन ठिकाणी विचाराच.

मग भावाने काय घेतलं?

एक डबी थर्मल पेस्ट आणि एक ब्रश.

पीसी लाकडी टेबलाच्या बंद कप्प्यात होता, तो बाहेर काढला. कार्ड उघडलं तर हीटसिंकवर धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा थर, जवळच जिनिंग आहे. जुनी पेस्ट वाळून खडू झालेली. साफ करून नवीन पेस्ट लावली. मग फुकटच्या सॉफ्टवेअरमधून पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली, म्हणजे १७० चे १३६ वॅट. गेममध्ये जेमतेम चार-पाच फ्रेम कमी झाल्या, कारण शेवटच्या थोड्याशा स्पीडसाठीच कार्ड सगळ्यात जास्त वीज जाळतं.

दुपारी खोली ४०, कार्ड ७३. फरक ४६ वरून ३३ वर आला.

तुम्हीही हेच करा. आधी पहाटे आणि दुपारी मोजा. दोन्ही वेळा अडकत असेल तर कार्ड खरंच कमी पडतंय किंवा दुसरं काही बिघडलंय. फक्त दुपारीच अडकत असेल तर आधी धूळ, पेस्ट, हवा आणि पॉवर लिमिट बघा. वॉरंटी चालू असेल तर मात्र कार्ड उघडू नका, बाहेरूनच फुंकून साफ करा. कुलर लावत असाल तर त्याचं तोंड थेट पीसीवर नको, पाण्याचे थेंब आत जातात. आणि नवीन घ्यायचंच ठरलं तर क्रम असा: मेमरी, वॅट, भाव, आणि सगळ्यात शेवटी नावातला नंबर.

भावाचा परवा मेसेज आला: "दादा, बाबाले सांगतलं पैसे राहू द्या. ते म्हणे, मंग यंदा बियाणं त्यातूनच घेतो."

तुमच्या खोलीत दुपारी किती अंश असतात आणि कार्ड किती दाखवतं, ते व्हॉइस मेसेज करून सांगा. पुढच्या एपिसोडमध्ये आपण घाटावर-घाटाखाली तुलना करू. चला, भेटू!