मुशीत जाणारी चंद्रकोर

अमरावती-अकोल्याच्या सराफ्यात आजीची जुनी चांदबाली मोडीला आली, की तराजूवरच्या आकड्यातून खडे आणि लाख वजा होतात. मग खडे उचकटतात, लाख जाळतात आणि उरलेलं सोनं मुशीत जातं. घडणावळीचे पैसे कुणी धरत नाही.

लाख वजा होते, पण चांदबाली उभी असते ती त्या लाखेवरच. कुंदनकामात सोनार पोकळ घरात लाख भरतो, चकाकीसाठी वर्ख ठेवून खडा बसवतो आणि शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या त्याच्या कडेनं दाबत जातो. शुद्ध सोनं इतकं मऊ, की डाख न लावता नुसत्या दाबानं एकजीव होतं. मागे, मानेला टेकणाऱ्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागीही मीनाकाम असतं.

चांदबालीची ही कानातली चंद्रकोर इस्लामी जगात जुनी आहे. अकराव्या शतकात, फातिमी खलिफांच्या काळात, इजिप्त-सीरियाचे सोनार तारेची जाळी विणून तिच्यावर बारीक रवे बसवत आणि चंद्रकोरीची कर्णभूषणं घडवत. त्यांतली थोडीच उरली. मुसलमानांत मृताबरोबर दागिने पुरत नाहीत. धामधुमीत जमिनीत लपवलेलं जे सापडलं, ते मुख्यतः वाचलं. बाकीचं वितळलं. मात्र कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, साठलेल्या जुन्या कागदांत त्या काळच्या लग्नांच्या याद्या मिळाल्या. नवरीला दिलेली कर्णभूषणं आणि त्यांची किंमत त्यांत लिहिलेली आहे. सोनं गेलं, यादी राहिली.

वऱ्हाडाचा या जगाशी संबंध थेट आहे. १४९० मध्ये फतहउल्ला इमाद-उल-मुल्कनं अचलपुरात इमादशाही उभी केली. १५७४ मध्ये ती अहमदनगरच्या निजामशाहीनं जिंकली, १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेलं आणि पुढे हैदराबादच्या निजामाकडे. १८५३ मध्ये इंग्रजांनी कारभार घेतला, तरी १९३६ पासून निजामाचा वारस ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणवला गेला. सराफ, जवाहीर, मीना, वर्ख हे अरबी-फारसी शब्द आजही आपल्या पेढीवर रोज बोलले जातात.

त्या निजामांचे १७३ दागिने भारत सरकारनं १९९५ मध्ये सुमारे २१८ कोटी रुपयांना घेतले. ते रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत सुरक्षित आहेत. वऱ्हाडातल्या बायांच्या कानातलं सोनं सांभाळायला तिजोरी नाही. पेरणीच्या तोंडावर, लेकीच्या लग्नात ते मोडावं लागतं. त्या माउलीला दोष कसा द्यायचा?

पण मोडण्याआधी चांदबालीच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढावा. वहीत लिहावं: कुणाची, कुठे घडवलेली, किती वजनाची, कोणत्या लग्नात आली. हजार वर्षांपूर्वी कैरोत कुणीतरी एवढंच केलं, म्हणून त्या नवरीच्या कानात काय होतं हे आज आपल्याला कळतं.