जुना टीव्ही, नवा बॉक्स: घरी जाण्याआधी फोटो मागवा

जोडणी कशी करायची ते व्हिडिओत दाखवलंय. इथे त्यातल्या पैशाबद्दल बोलू, कारण हे काम येणारे पुष्कळ आहेत, पण त्यातून चार पैसे उरवणारे कमी.

आधी गिऱ्हाईक कोण ते बघा. घरात मोठा एलईडी आला की जुना डबा टीव्ही भंगारात जात नाही. तो आजीच्या खोलीत जातो, गावच्या घरी जातो, नाहीतर मळ्यातल्या खोलीवर. केबल डिजिटल करायची सक्ती २०१२ मध्ये मुंबईसारख्या महानगरांपासून सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने गावांपर्यंत आली, म्हणजे बॉक्सशिवाय त्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या. अशा घरांत बरेचदा डीडी फ्री डिश लागते. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की महिन्याचं भाडं नाही. पण भाडं नाही म्हणजे बिघाड झाल्यावर फोन करायला कंपनीचा माणूसही नाही. ती जागा तुमची आहे.

आता हिशोब. समजा तुम्ही जोडणीचे २०० रुपये सांगितले. पेट्रोल ५० रुपये आणि एक तास गेला. काम एका फेरीत झालं तर १५० उरले. पण तिथे गेल्यावर कळलं की पिन वेगळी आहे आणि परत दुकानात यावं लागलं, तर १०० उरले आणि दोन तास गेले. दुसऱ्या फेरीचे पैसे काकांकडे मागता येत नाहीत, मागूही नयेत. या धंद्यात नफा दुसऱ्या फेरीत मरतो.

म्हणून फोन आला की पत्ता विचारायच्या आधी तीन फोटो मागवा: टीव्हीची मागची बाजू, बॉक्सची मागची बाजू आणि टीव्हीचा रिमोट. काकूंना व्हॉट्सॲप जमत नसेल तर नातवाला सांगा. रिमोट कशाला, असं अनेक जण विचारतात. जुन्या टीव्हीचा रिमोट हरवलेला असतो आणि एव्ही मोडवर जायचं बटण बरेचदा रिमोटवरच असतं. वायर बरोबर लावूनही स्क्रीन निळीच राहते. बऱ्याच डबा टीव्हींमध्ये समोरच्या बटणाने चॅनल खाली खाली नेत शून्यावर गेलं की एव्ही लागतं, ते आधी करून बघा. नाही झालं तर पिशवीत एक युनिव्हर्सल रिमोट हवाच.

फोटोत काय बघायचं? टीव्हीला पिवळं आणि पांढरं भोक असेल तर काम सोपं. पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. टीव्ही मोनो असेल तर लाल भोक नसतंच, लाल पिन मोकळी सोडा. बॉक्सच्या बाजूला मात्र तीन भोकांऐवजी हेडफोनसारखं एकच बारीक भोक असेल तर सावध व्हा. ती वायर दिसायला सारखी, पण आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी. चित्राऐवजी आवाजात घूंऽऽ असा गुणगुणाट आला तर पिवळी आणि लाल पिन अदलाबदल करून बघा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नाहीतर त्याच बॉक्सची वायर लागते.

टीव्हीला फक्त अँटेनाचं भोक असेल तर बॉक्सवर आरएफ आउट आहे का ते बघा. असेल तर अँटेनाची वायर जोडा, बॉक्स चालू ठेवा आणि टीव्हीवर ऑटो सर्च मारा. नसेल तर आरएफ मॉड्युलेटर लागतो. त्याच्यावर बीजी, डीके असे पर्याय असतात. आपल्याकडचे टीव्ही पाल-बीजी पद्धतीचे आहेत. चुकीचा पर्याय ठेवला की चित्र येतं, पण आवाजाच्या जागी खरखर.

बॉक्सला फक्त एचडीएमआय असेल तर कन्व्हर्टर आलाच, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. 'एचडीएमआय टू एव्ही' आणि 'एव्ही टू एचडीएमआय' या दोन डब्या दिसायला जुळ्या बहिणी. आपल्याला पहिली हवी. गिऱ्हाईक ऑनलाइन दुसरी मागवतं आणि 'तुमच्या वायरमध्येच दोष आहे' म्हणून भांडायला येतं. त्याला ५ व्होल्टचा सप्लाय लागतो, जुन्या टीव्हीला यूएसबी नसतं, तेव्हा मोबाइलचा एक चार्जर सोबत ठेवा. बाजूला पाल-एनटीएससीचं बारीक बटण असतं. रंग गेले किंवा चित्र वर सरकत राहिलं तर ते पालवर करा.

चित्र आलं की लगेच निघू नका. बॉक्सच्या सेटिंगमध्ये स्क्रीन ४:३ करा, नाहीतर माणसं लांबुळकी दिसतात किंवा बातम्यांची पट्टी कडेला कापली जाते. आजींना चॅनल बदलून दाखवा, कोणत्या रिमोटने काय चालतं ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीला चिकटवा. शेजाऱ्यांकडचं गिऱ्हाईक मला या चिठ्ठीमुळे मिळतं, बोर्डामुळे नाही. 'शेजारी जास्त चॅनल दिसतात' अशी तक्रार आली तर बॉक्स जुना एमपीईजी-२ चा आहे का तपासा. एमपीईजी-४ मधले चॅनल त्यावर दिसत नाहीत. बॉक्स विकायची संधी आहे, पण आजी तीनच चॅनल बघत असतील तर विकू नका.

दोन गोष्टींत तडजोड नको. एक, वायरला हात लावण्याआधी टीव्ही घरच्यांसमोर चालू करून दाखवून घ्या. पंधरा-वीस वर्षांचा टीव्ही तुमच्यासमोर गेला तर तो तुम्हीच बिघडवला असं धरलं जातं. दोन, मागचं झाकण उघडू नका. पिक्चर ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो आत साठून राहू शकतो. ते काम टीव्ही मेकॅनिकचं, त्याचा नंबर द्या.

बिलात वस्तू वेगळी आणि मजुरी वेगळी लिहा. कन्व्हर्टर ऑनलाइन किती स्वस्त आहे ते नातू तिथेच मोबाइलवर दाखवतो. दाखवू दे. वस्तूचा भाव त्याच्याशी जुळवा, मजुरी कमी करू नका. कन्व्हर्टर दुकानातच एखाद्या जुन्या टीव्हीवर लावून तपासून न्या. असा टीव्ही भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळतो, तो काउंटरखाली ठेवा.