दिवसाची झापड

यंदाचा ११ एप्रिलचा पार्किन्सन दिन नुकताच झाला. त्याच आठवड्यात चंदीगडच्या एका दवाखान्यात माझ्या थोरल्या दिरांनी "दिवसा फार झापड येते" म्हणून सांगितलं. उत्तर मिळालं, "रात्री झोप लागते ना? मग झालं." हात थरथरतो का, हे मात्र पुन्हापुन्हा विचारलं गेलं.

१८१७ साली जेम्स पार्किन्सननं कंपवातावर निबंध लिहिला, १९६०च्या दशकात लेव्होडोपा हे औषध आलं. मधली दीडशे वर्षं थरथर मोजण्यात गेली. खरं तर शेवटच्या अवस्थेतली सततची गुंगी खुद्द पार्किन्सननं नोंदवून ठेवली होती!

आमच्या घरानं भोगलं ते १९९९ ते २००९ हे दशक. कंपवात सासऱ्यांना, अप्पांना. मटका चौकात लाल दिव्याला गाडी थांबली की त्यांची हनुवटी छातीला टेकायची. दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल व्हायचा आणि मागचे सरदारजी हॉर्न बडवत राहायचे. शेवटी किल्ल्या मी काढून घेतल्या. साताऱ्याहून आत्याबाईंचा निकाल फोनवरच आला: "सुनेनं आयतं बसवून ठेवलंय, मग पेंगतील नाही तर काय!"

डॉक्टरांचा निकाल वेगळा होता: दोष गोळ्यांचा. १९९९ मध्ये न्यूयॉर्कहून प्रामिपेक्सोल-रोपिनिरोल ही कंपवाताची औषधं घेणाऱ्या ८ रुग्णांना गाडी चालवतानाच झोप लागल्याची बातमी आली होती. या गोळ्यांनी झोप येते हे खरंच आहे. म्हणून अप्पांच्या कमी केल्या. अंग आखडलं, झापड तशीच राहिली.

२००७ मध्ये लॉस एंजेलिस आणि लायडनच्या संशोधकांनी दाखवलं, की या आजारात आपल्याला जागं ठेवणाऱ्या ओरेक्सिन या मेंदूतल्या रसायनाच्या पेशीच कमी होतात. मेंदूच्या जाळ्यांचा शोधही तोवर सुरू झाला होता. माणूस नुसता पडून असतानाही मेंदूच्या दोन्ही बाजूंचे हालचालींचे भाग एका लयीत चालतात, हे भरत बिस्वाल यांनी १९९५ मध्येच एमआरआयवर दाखवलं होतं. त्याच पद्धतीनं पुढे पेंगणारे आणि न पेंगणारे रुग्ण शेजारी ठेवून पाहिले. मेंदूच्या आतला थॅलॅमस हा भाग आणि मेंदूची साल यांच्यातला, तसंच विश्रांतीच्या वेळी चालणाऱ्या जाळ्यातला ताळमेळ पेंगणाऱ्यांमध्ये बदललेला दिसला. अभ्यास छोटे आहेत, त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी पुरते जुळत नाहीत. पण आत्याबाईंच्या निकालापेक्षा ते केव्हाही बरे.

एमआरआय दर रुग्णाचा करा, असं माझं म्हणणं नाही. त्यातून आज उपचार ठरत नाही. पण १९९१ पासून झापड मोजणारी एपवर्थची ८ प्रश्नांची यादी आहे: वाचताना, टीव्ही पाहताना, सिग्नलला थांबलेल्या गाडीत डोळा लागतो का? दोन मिनिटांचं काम. दिरांची यादी मी घरीच भरली. २४ पैकी १७. १०च्या वर गेलं की लक्ष द्यावं म्हणतात. कागद फाइलला टाचलाय. पुढची तारीख जुलैची मिळाली आहे, आणि तोवर गाडी मीच चालवते.