उंचावलेल्या जीपचे दोन कोन

दुसऱ्या महायुद्धात चीन-ब्रह्मदेश आघाडीवरील अमेरिकी सैन्याची बरीच सामग्री कोलकात्याच्या गोदीत उतरत असे. तिच्याबरोबर जीप बंगालमध्ये आली. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्र कंपनीने विलिसच्या परवान्याने तीच गाडी बांधली. या जुन्या जीपगाड्या जपणारे हौशी आजही आहेत, आणि सुट्या भागांसाठी कोलकातेकर मल्लिकबाजाराची वाट धरतो. चिखल व दगड यांतून तळ सुटावा म्हणून पुष्कळजण गाडी उंच करवून घेतात. परंतु उंचीबरोबर पुढील आसाचे दोन कोन बदलतात, याकडे सहसा लक्ष जात नाही.

पहिला कोन कॅस्टरचा. चाक ज्या किंगपिनभोवती वळते, तिचे वरचे टोक किंचित मागे कललेले असते. त्यामुळे चाकाचा भूमीशी होणारा स्पर्श वळणाच्या अक्षामागे राहतो, आणि चहाच्या ढकलगाडीच्या चाकाप्रमाणे ते आपोआप सरळ येते. विलिस जीपमध्ये हा कोन सुमारे 3 अंश, म्हणजे भूमीवर अवघे पाऊण इंच अंतर. परंतु गाडी सरळ धावते ती मुख्यतः त्याच्या बळावर.

आता हिशोब पाहावा. पुढील कमानीची लांबी सुमारे 36 इंच असून तिचे शॅकल पुढच्या टोकास असते. स्वस्त उपाय म्हणून तेथे दोन इंच अधिक लांब शॅकल बसविले, तर आसाजवळ गाडी जेमतेम एक इंच उचलली जाते. कमान मात्र सुमारे 3 अंशांनी पुढे झुकते. सारा कॅस्टर संपला! शेतवाटेवर हे जाणवत नाही. विद्यासागर सेतूवर वेग घेताच मात्र गाडी भरकटू लागते, आणि स्टिअरिंग सोडले तरी चाके सरळ येत नाहीत.

उपाय पाचरीचा. कमान आसाखाली असेल तर पाचरीची जाड बाजू पुढे ठेवावी. कमान आसावर असेल तर मागे. येथेच दुसरा कोन आड येतो. पिनियन त्याच आसाच्या पेटीत असल्यामुळे किंगपिन मागे कलविली की पिनियनचे तोंड खाली जाते, तर ट्रान्सफर गिअरपेटी गाडीबरोबर वर गेलेली असते. युनिव्हर्सल जॉइंट वाकून फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवितो व घटवितो: 10 अंशांत सुमारे दीड टक्का, 30 अंशांत मात्र पंधरा टक्क्यांपर्यंत. दोन्ही टोकांचे कोन समान असले तरच हे चढउतार परस्परांना छेदतात.

दोहोंत तडजोड करावी लागली तर कॅस्टर आधी राखावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढील शाफ्टची थरथर जॉइंट झिजविते; भरकटणारे चाक माणूस मारते. शिवाय चाकांना मोकळे करणारे हब बसविले असल्यास पक्क्या रस्त्यावर हा शाफ्ट फिरतच नाही. जुन्या जीपमध्ये असे हब मुळात नसत.

उंची चार-पाच इंच वाढविली की पाचर अपुरी पडते. मग आसनळीच्या टोकांची सांध तोडून, किंगपिनची बैठक पिनियनपासून स्वतंत्रपणे फिरवून पुन्हा सांधावी लागते. हे काम निष्णात वेल्डरचेच. तत्पूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी, कारण 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ रचनेतील फेरफारांवर मर्यादा घालते. मोजमाप सपाट जमिनीवर, नेहमीचे ओझे गाडीत ठेवून, दोन्ही बाजूंस करावे.