उघडी जोडणी आणि मालाची पोच

माहितीचा अखंड ओघ अनेक संगणकांत वाटून घेणाऱ्या संचात दोन संगणकांमधील जोडणी दर खेपेस नवी न करता उघडीच ठेवतात. कारण उघड आहे. टीसीपीच्या रीतीप्रमाणे नव्या जोडणीस आधी तीन संदेशांची देवघेव लागते; गुप्ततेची व्यवस्था असल्यास ओळखपत्रांची तपासणी निराळीच. मूठभर मालासाठी प्रत्येक वेळी एवढा सोपस्कार कोणास परवडावा?

परंतु उघडी जोडणी जिवंत असेलच असे नाही. पलीकडील संगणकाची वीज अकस्मात गेली, तर अलीकडच्यास ते आपोआप कळत नाही. लिनक्समध्ये स्वस्थ पडलेल्या जोडणीची विचारपूस, ती सोय चालू केली असली तरी, मूळ नेमणुकीनुसार ७२०० सेकंदांनी, म्हणजे तब्बल दोन तासांनी होते!

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत घडलेली व २०१४ साली सर्वांस खुली झालेली ‘नायफाय’ प्रणाली पाहावी. २०१८ पासून तिच्यातील रांगेतला माल संचातील इतर संगणकांवर वाटता येतो. धाडणारा आधी विचारतो, वखारीत जागा आहे काय? मग माल जातो, पाठोपाठ ताळ्याचा आकडा जातो. तो जुळून व्यवहार पुरा झाल्याची पोच आल्यावरच धाडणारा आपल्याकडील नोंद कमी करतो. उत्तराची वाट पाहण्याची मूळ मुदत ३० सेकंदांची. ती टळल्यास माल जागीच राहतो व पुन्हा धाडला जातो.

आता माल पोचला, पण पोचच वाटेत हरवली तर? तोच माल दोनदा जातो. हरवण्यापेक्षा हे बरे, असे आम्हांस वाटते. मात्र हिशेबाच्या नोंदी असतील तर दुबार नोंद ओळखण्यासाठी प्रत्येकीस स्वतंत्र क्रमांक देण्याची तजवीज प्रणाली चालविणाऱ्यानेच करावयाची असते.